आयरिश पूर्वज शोधताय? या चुका टाळा

माझा जावई बोस्टनचा, त्याची पणजी आयर्लंडहून आलेली, आणि लॉकडाऊनमध्ये हाताला काम नव्हतं म्हणून मी त्यांच्या घराण्याची वंशावळ काढायला बसले. पणजीबाईंचं सेन्ससमध्ये एक वय, लग्नाच्या कागदात दुसरं, थडग्यावर तिसरं! मी मला पटलेलं एक ठेवलं नि बाकीची खोडून टाकली, इथेच चुकले. काहीही खोडू नका, उलट प्रत्येक नोंदीशेजारी लिहा की ही माहिती सांगितली कोणी आणि त्याला ती कुठून ठाऊक. डेथ सर्टिफिकेटवरची जन्मतारीख गेलेलं माणूस थोडंच सांगायला येतं, ती सांगतो कुणी मुलगा नाहीतर शेजारी, तोही अंदाजपंचे.

वयाचं तर विचारूच नका. १९०१ आणि १९११ चे आयरिश सेन्सस शेजारी ठेवून बघा, कितीतरी म्हातारी मंडळी दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठी झालेली दिसतात. कारण साधं आहे, १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं आणि सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद तर १८६४ पासूनची, म्हणजे या लोकांकडे दाखला असणार कुठून, मग वय वाढवून सांगितलं. कधी बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो, तेव्हाही घाबरू नका. जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा असायचा, उशीर झाला की दंड, मग आईबाप तारीखच पुढे ढकलून सांगायचे. अशा वेळी मी चर्चवर विश्वास ठेवते.

नावांत मीपण फसले. ब्रिजेट अमेरिकेत जाऊन डीलिया होते, जेरेमाया घरी डार्बी असतो, चर्चच्या लॅटिन रजिस्टरमध्ये जेम्सचा जेकोबस होतो आणि आडनावापुढचा 'ओ' कधी असतो कधी गायब. पण याचं खापर एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कजवळचं बेट, बाहेरून आलेल्यांची तिथे तपासणी व्हायची) कारकुनावर फोडू नका, तो जहाजाबरोबर आलेली यादी समोर ठेवून काम करायचा, नावं बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतःच, नंतर.

याच्या उलटी चूक म्हणजे नाव जुळलं की माणूस सापडला असं धरून चालणं. अ‍ॅनी मूर ही १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंडवर उतरलेली पहिली मुलगी, कॉर्कची. तेव्हाच्या पेपरांत वय १५, खरं १७. ती पुढे टेक्सासला गेली असं वर्षानुवर्षं सगळे सांगत होते, आणि २००६ मध्ये कळलं की टेक्सासची अ‍ॅनी मूर वेगळीच, ती जन्मलीच इलिनॉयमध्ये! खरी अ‍ॅनी आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. एवढ्या प्रसिद्ध बाईबद्दल चूक होऊ शकते, तर आपल्या पणज्यांचं काय.

'गाव: कॉर्क' दिसलं तरी जरा थांबा. क्वीन्सटाउन, म्हणजे आताचं कोव्ह, हे बंदर कॉर्कचं, तिथून शेजारच्या केरी काउंटीचे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) लोकही चढायचे, आणि घरच्यांच्या लक्षात राहतं ते बंदर. आयर्लंडात साठ हजारांवर टाउनलँड आहेत (आपल्या वाडीसारखं समजा), त्यामुळे नुसत्या काउंटीवर शोध पुढे सरकत नाही.

आणि १९२२ च्या आगीत सगळं जळालं म्हणून हातपाय गाळू नका हं. डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे कोर्टांच्या आवारातल्या सरकारी दफ्तरखान्यात, ठेवलेलं जुन्या सेन्ससचं बाड गेलं हे खरं, पण कॅथलिक रजिस्टरं बहुतेक आपापल्या चर्चमध्येच होती, साधारण १८८० पर्यंतची नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट बघता येतात. अक्षर मात्र भयंकर, चष्मा पुसून बसा.

तरी अडलात तर पणजीला सोडा नि तिच्या बहीणभावांना, लग्नातल्या साक्षीदारांना, मुलांच्या गॉडपेरेंट्सना (बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहणारे धर्म-आईबाप) धरा. बोस्टनच्या 'पायलट' पेपरात १८३१ पासून हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, त्यात पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतला भाग) नावसुद्धा असतं बरेचदा. आमच्या पणजीचं गाव मिळालं ते तिच्या धाकट्या बहिणीच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत, पणजीच्या स्वतःच्या एकाही कागदात ते नव्हतं. वयं अजून तीन आहेत, तिन्ही वहीत तशीच ठेवलीत.