जलपर्णीत बोटीचं इंजिन तापलं तर काय करायचं

उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, जलपर्णीचे पट्टेच्या पट्टे वाऱ्याने इकडून तिकडे सरकत असतात, सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी बंद. अशा पाण्यात आऊटबोर्ड (बोटीच्या मागे लावलेलं इंजिन) चालवताना एक डोळा कायम पिचकारीवर हवा, म्हणजे इंजिनच्या मागून जी बारीक धार पडते ना, तिच्यावर. छोट्या मशीनला टेंपरेचरचा काटा-बिटा बहुतेक नसतोच, तीच धार सगळं सांगते.

इंजिन गार ठेवणारं पाणी आत जातं ते खाली पंख्याजवळच्या (प्रोपेलरजवळच्या) जाळीतून, आणि त्यातलंच थोडं त्या धारेतून बाहेर पडतं. जलपर्णीचं पान काही आत शिरत नाही, त्रास देतात त्या काळ्या केसाळ मुळ्या, पंख्याने तुकडे झाले की ओढीने जाळीवर थर बसतो. प्लास्टिकची पिशवी पण हेच करते.

धार बारीक झाली की लगेच थ्रॉटल कमी करून न्यूट्रल. मागे मोकळं पाणी असेल तर थोडं हळू रिव्हर्स मारा, गुंतलेलं बरंच सुटतं. इंजिन तापल्याचा बझर वाजत असेल तर मात्र हे काही करत बसू नका, सरळ बंद. मग किल स्विचची (इंजिन बंद ठेवणाऱ्या स्विचची) दोरी काढा (हात घालायच्या आधी, नंतर नाही!), मशीन वर उचला, दोन्ही बाजूंच्या जाळ्या बोटाने साफ करा आणि पंख्याच्या मागे शाफ्टला मासेमारीच्या जाळ्याचा दोरा गुंडाळलाय का तेही बघा, कारण तो दोरा शाफ्टचं सील कापतो, पाणी आत शिरतं आणि मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं, तो खर्च वेगळाच. तापलेल्या इंजिनवर गार पाणी अजिबात ओतायचं नाही, आपोआप निवू द्या.

निवल्यावर खाली सोडून चालू करा. धार थोड्या वेळात आली नाही तर बंद करून पिचकारीच्या भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) हळूच घालून बघा, कधीकधी कचरा नेमका तिथेच अडकतो आणि इंजिनला पाणी व्यवस्थित मिळत असतं. तरी नाहीच आली तर इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातलं पात्यांचं चाक) गेला समजा, वल्हं मारत काठाला या. रबराचाच तो, कोरडा फिरला की काही सेकंदात जळतो आणि गढूळ पाण्यात झिजतो पण लवकर. बदलताना जुन्याची पाती मोजा, एखादं तुटलेलं असेल तर तुकडा शोधून काढाच, नाहीतर तो वर जाऊन थर्मोस्टॅटपाशी (गार पाण्याच्या वाटेतल्या झडपेपाशी) अडकतो आणि नवा इम्पेलर टाकूनही मशीन तापतच राहतं, मग लोक उगाच मेकॅनिकला शिव्या घालतात.

पट्टा ओलांडायचाच असेल तर इंजिन बंद करून, मशीन वर घेऊन बांबूने बोट ढकला. मशीन चालू ठेवून, थोडं तिरकं करून पण जाता येतं, पण जाळी पाण्याखाली राहिली पाहिजे. घरी आल्यावर नळाच्या पाण्याने मशीन आतून धुऊन (फ्लश) काढा, आधी नळ सोडायचा आणि मगच इंजिन चालू करायचं.