जेट इंजिनच्या फॅनचा आवाज मोजताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक ही, की इंजिन जमिनीवरच्या स्टँडला बांधायचं, समोर माईक लावायचे आणि स्पेक्ट्रममध्ये (आवाजाच्या फ्रिक्वेन्सीनुसार काढलेल्या आलेखात) टोकदार शिट्टी दिसली रे दिसली की पात्यांच्या डिझाइनला दोष देऊन मोकळं व्हायचं. अहो थांबा जरा! एका जागी थांबलेलं इंजिन चहूबाजूंनी हवा ओढतं, हवेतले भोवरे आत येता येता शेवयांसारखे ताणले जातात आणि एकाच भोवऱ्याला पाती एकामागून एक कापत जातात, त्यातून ती शिट्टी येते, शिवाय जमिनीवरनं उठणारा भोवरा आहेच. विमान उडताना यातलं बरंचसं गायब होतं. म्हणून तर इनटेकवर (हवा आत जाते त्या तोंडावर) हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी रचना, आणि जाळीचा घुमट बसवतात, त्याचा खर्च वाचवू नका.

दुसरं म्हणजे माईक किती लावायचे. इथे भलेभले फसतात. टायलर आणि सोफ्रिन यांनी 1962 मध्येच दाखवलं की रोटरची (फिरत्या फॅनची) पाती आणि मागच्या स्टेटर व्हेन, म्हणजे न फिरणाऱ्या पट्ट्या, यांच्या आकड्यांवरून कुठले फिरते मोड (आवाजाच्या दाबाचे गोल फिरणारे नमुने) तयार होणार ते कागदावर काढता येतं. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राचा 22 इंची फॅन घ्या, पातीही 22च (गोंधळू नका). व्हेन 54 असतील तर 22 वजा 54, म्हणजे उणे 32 चा मोड, तो शाफ्टपेक्षा हळू फिरतो आणि डक्टमध्येच (फॅनभोवतीच्या नळीतच) विरून जातो. व्हेन 26 केल्या की उणे 4, हा शाफ्टच्या साडेपाच पट वेगाने फिरतो आणि मस्त बाहेर पडतो. आता हे मोड ओळखायला कुणी डक्टच्या कडेने सारख्या अंतरावर 26च माईक लावले तर? रोटरचा स्वतःचा 22, मग उणे 4, उणे 30 हे मोड सगळे सेम दिसणार, कारण त्यांच्यातलं अंतर 26च आहे! कितीही तास डेटा घ्या, वेगळे होणार नाहीत. माईकचा आकडा व्हेनच्या आकड्याशी जुळू देऊ नका, किंवा अंतरं मुद्दाम असमान ठेवा.

डेसिबलची सरळ बेरीज कुणी करत नसेल अशी आशा आहे, 90 आणि 90 मिळून 93 होतात.

आणि टेक-ऑफची ती करवतीसारखी घरघर, बझ-सॉ म्हणतात ती, एकाच पात्याच्या सीएफडीमध्ये (हवेच्या प्रवाहाच्या कॉम्प्युटर गणितात) शोधत बसू नका. पात्यांची टोकं आवाजापेक्षा वेगात गेली की प्रत्येक पात्याची शॉक वेव्ह थोडी वेगळी पडते, कारण खरी पाती कधीच हुबेहूब सारखी बसत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये एकाच पात्याच्या 22 कॉप्या फिरतायत, तिथे ती ऐकू येणार कुठून?