ठाण्यात राहून व्हीगन व्हायचंय? आधी चहाचं बघा

व्हीगन म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, तूप, मध, रेशीम, चामडं असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही. हे म्हटलं की लोकांना वाटतं आता मॉलमधून ते महागडं बदामाचं दूध नि इंपोर्टेड चीज आणावं लागणार, पण खरं सांगू का, मराठी घरातला अर्धा स्वयंपाक आधीपासूनच व्हीगन आहे, पिठलं-भाकरी, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची उसळ, भरली वांगी, सोलकढी, यात दूध कुठंय? बाहेर पण मामलेदारची मिसळ नाहीतर कुंजविहारचा वडापाव सुटत नाही, फक्त पावात दूध पावडर आहे का ते विचारायचं आणि बटर नको हे आधीच सांगून टाकायचं.

अडतं ते चहा, दही आणि तुपापाशी.

चहा सगळ्यात अवघड. आलं घातलेल्या उकळत्या चहात सोया दूध ओतलं की बऱ्याचदा फुटतं, म्हणून कोरा चहा वेगळा उकळून गाळून घ्या आणि सोया किंवा ओटचं दूध गरम करून वरून घाला. मला विचाराल तर काजूचं दूध बेस्ट, मूठभर काजू दोनेक तास भिजवायचे, मिक्सरमधून पाणी घालून एकदम बारीक काढायचे, गाळायची पण गरज नाही. सुरुवातीला चव वेगळी लागणारच. नाहीच जमलं तर गवती चहा घालून कोरा प्या.

दह्यासाठी शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढा, पाणी घालून वाटा, फडक्यातून गाळा आणि ते दूध सतत ढवळत उकळा कारण तळाला पटकन लागतं. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ धुऊन त्यात टाका नि झाकून ठेवा. आपल्या ठाण्याच्या उकाड्यात सात-आठ तासांत लागतं, थंडीत जास्त वेळ द्या. पुढच्या वेळी याचंच चमचाभर विरजण. थोडा शेंगदाण्याचा वास राहतो, कोशिंबिरीत आणि कढीत कळत नाही पण नुसतं साखर घालून खाणाऱ्यांना आवडेल असं वाटत नाही.

तुपाला मात्र पर्याय नाही हे कबूल करून टाकू. वरणभातावर लिंबू आणि थोडं कच्चं शेंगदाणा तेल घ्या, उकडीच्या मोदकावर नारळाचं घट्ट दूध घ्या, भारी लागतं.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका, तो शाकाहाराचा, त्यात दूध आणि मध दोन्ही चालतं. मागे मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन (सगळं दुधातूनच येतं) लिहिलंय का वाचा, साध्या ग्लुकोज बिस्किटात सुद्धा दूध निघतं. एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आणले, त्याचा हिरव्या इंग्रजी व्ही (V) अक्षराचा लोगो असतो तो शोधा.

आता व्हिटॅमिन बी 12, इथे हयगय नको. झाडापासून मिळणाऱ्या खाण्यात ते भरवशाचं मिळत नाही, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) वगैरे सांगतात ते सोडा, डॉक्टरकडून टेस्ट करून गोळी चालू करा, व्हिटॅमिन डी पण बघून घ्या. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असतं. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं, जेवण झाल्या झाल्या चहा मारला की उलटं होतं. प्रोटीनला डाळी, सोयाबीन, टोफू म्हणजे सोयाचं पनीर.

फायदा काय? ज्यांना दूध पचत नाही त्यांचं पोट लगेच हलकं होतं, फायबर वाढतं, सॅच्युरेटेड फॅट कमी होतं, गाई-म्हशींच्या ढेकरातून निघणारा, हवामान तापवणारा मिथेन वायू हा पण मुद्दा आहेच. सगळे आजार पळतात हे व्हॉट्सॲपवालं खरं नाही. माझ्यासाठी कारण साधं आहे, गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि झालेला गोऱ्हा डेअरीला नको असतो, मग त्याचं काय होतं ते विचारा कोणालातरी.

घरी भांडू नका. पंचामृतात साखर सोडली तर दूध, दही, तूप, मध सगळंच आपल्याला वर्ज्य, तरी आजीसमोर लेक्चर देऊन काही होत नाही, नमस्कार करून साखर तेवढी घ्या.

कपडे-चपलांचं हळूहळू करा. आहे ती पैठणी नेसा, आहेत त्या कोल्हापुरी झिजवा, नवीन घेताना रेशीम-चामडं टाळा. पाकीट-बेल्टचं टेन्शन नको, स्टेशनबाहेर प्युअर लेदर म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं रेक्झिनच असतं.