परसातली माच: मुलांचं उंचावरचं खेळघर

कोकणातल्या परसात माड-फणसाची सावली आयती मिळते, पण त्यांच्याखाली माच बांधू नका. नारळ आणि झावळ कधी सुटेल याचा नेम नसतो. विहीर आणि विजेच्या ताराही लांब असाव्यात. भोवती ६ फूट मोकळी जागा ठेवून तिथे ९ इंच वाळू पसरा.

६ बाय साडेचार फुटांची, ४ फूट उंच माच चार-पाच मुलांना पुरते. सामान: ४ बाय ४ इंची, ९ फुटी चार खांब, ५ बाय २ च्या दोन तुळया, ४ बाय २ चे पाच वासे, इंचभर जाड, ४ इंच रुंद तेरा फळ्या. पाडलेल्या घराचा सागवान मिळाला तर सोनंच. मात्र खांबावर हातोडी वाजवून बघा. भद्द आवाज आला तर आतून वाळवीने खाल्लेला असतो.

माच खचते ती खांबाच्या बुडाशी. खांब मातीत किंवा थेट काँक्रीटमध्ये पुरला की कापलेलं टोक पाणी शोषतं आणि काही पावसाळ्यांत कुजतं. म्हणून दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरून त्यात यू आकाराची लोखंडी चौकट बसवा आणि खांब तिच्यात इंचभर अधांतरी ठेवून बोल्टने आवळा.

खांब ओळंब्यात घ्या. दोन्ही कर्ण साडेसात फूट भरले की काटकोन जुळला. तुळई खांबाला इंचभर खाच पाडून बसवा, वर १२ मिमीचे दोन बोल्ट. नुसत्या बोल्टवर भार नको. वासे दीड-दीड फुटावर. फळ्यांमध्ये ४ मिमी फट सोडा, नाहीतर पावसात फुगून उचलतात. प्रत्येक खांबाला दोन्ही दिशांनी तिरके टेकू मारायला विसरू नका: मुलं एकदम एका बाजूला धावतात, तेव्हा माच हलते आणि सांधे ढिले होतात.

कठडा ३ फूट, गज उभेच. आडव्या पट्ट्यांची मुलं शिडी करतात. दोन गजांमधून साडेतीन इंची ठोकळा जाता कामा नये. त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग पायाकडून सरकतं, डोकं अडकतं आणि मूल गळ्यावर लटकतं. याच कारणासाठी शिडीच्या पायऱ्यांमध्ये ९ इंचांहून जास्त मोकळं अंतर ठेवा, म्हणजे अंगामागून डोकंही सुटतं. कठड्याला दोरी बांधू देऊ नका.

छप्पर झापांचं, म्हणजे विणलेल्या झावळांचं घाला, पत्रा एप्रिलमध्ये भाजून काढतो.

पावसात फुगलेलं लाकूड ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, नट सैल पडतात. दिवाळीच्या सुट्टीआधी पाना घेऊन प्रत्येक नट आवळा, मगच मुलांना वर चढू द्या.