भिकू म्हात्रे कुठल्या टाईपचा? गुंडांचे पिक्चर एनिअग्राम लावून कसे बघायचे

गुंडांच्या पिक्चरमधला माणूस सत्तेसाठी काहीही करतो हे कुणालाही दिसतं, पण का करतो ते शोधायचं असेल तर एनिअग्राम खूप कामाला येतं. त्यात माणसांचे नऊ टाईप आहेत आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक भीती असते. ही काही डॉक्टरी तपासणी नाही, पात्र जवळून बघायचं भिंग आहे असं समजा.

आधी एक सांगतो, हातात बंदूक दिसली की लगेच आठ नंबर देऊन टाकायचा नाही, मीसुद्धा सुरुवातीला हेच करायचो. आठवाल्याला दुसऱ्याच्या मुठीत जायची भीती. तीनवाल्याला यश नसेल तर आपली किंमतच नाही असं वाटतं. पाचवाला आपण कमी पडू म्हणून आधी लांब राहून सगळं समजून घेतो. खुर्ची तिघांनाही हवी असू शकते, म्हणून विचारायचं एवढंच की उद्या सत्ता गेली तर याला नेमकं कशाचं भ्या वाटेल?

1998 चा 'सत्या' लावा, मुंबईच्या गुंडांचा हिंदी पिक्चर. भिकू म्हात्रे त्यातला टोळीवाला आणि सत्या मुंबईत नवा आलेला पोरगा. जेलमध्ये सत्या भिकूला उलटा भिडतो, आणि भिकू डूख धरायचं सोडून त्याच्यावर खूश होतो, त्याला बाहेर काढतो. हा पक्का आठ, मान खाली घालणाऱ्यापेक्षा अंगावर येणारा माणूस त्याला खरा वाटतो. पुढे भाऊ, म्हणजे भिकूच्या वरचा राजकारणी, सांगतो की शत्रू टोळीच्या गुरू नारायणला हात लावायचा नाही, तर भिकूला राग शत्रूचा जेवढा येतो तेवढाच आपल्याला कुणीतरी थांबवतंय याचा येतो, आणि तो ऐकत नाही. आणि हाच माणूस भाऊ निवडणूक जिंकल्यावर बिनधास्त जल्लोषाला जातो आणि तिथेच भाऊची गोळी खातो, दर वेळी बघताना पोटात कालवतं. भाऊला मी तीन धरतो. निवडणूक होईपर्यंत सगळा राग गिळून गोड बोलायचं आणि काम झालं की हिशोब चुकता करायचा, हे आठवाल्याला जमलंच नसतं.

आता 'गॉडफादर', 1972. माफिया डॉनचा मोठा मुलगा सनी सरळ आठ आहे, मीटिंगमध्ये बाहेरच्या माणसासमोर मनातलं बोलून बसतो. पण त्याचा धाकटा भाऊ मायकल बघा. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बेकरीवाल्या एन्झोचे हात इतके थरथरतायत की सिगारेट पेटत नाही, मायकल लायटर पेटवून देतो आणि मग स्वतःच्या हाताकडे बघतो, हात अजिबात हलत नाहीये. इथे पॉज करा. ना बढाई ना आरडाओरडा, नुसतं निरीक्षण. माझ्या मते हा पाच आहे, आठ नाही, म्हणून तर सनी जिथे फसला तिथे हा टिकला.

स्वतः करताना वहीत तीनच सीन लिहा: पहिला अपमान झाला तो, तो एकटा असतानाचा, आणि सत्ता हातात आल्यानंतरचा. तिसऱ्यावर जास्त वेळ द्या, कारण हवं ते मिळाल्यावरही माणूस ज्याला घाबरतो ती त्याची खरी भीती.

सत्याला मात्र नंबर द्यायच्या भानगडीत पडू नका, त्याचा भूतकाळ पिक्चर सांगतच नाही. त्यापेक्षा भिकूच्या टोळीतला कल्लू मामा घ्या. मला तो सहा वाटतो, ज्याला पाठीशी कुणीतरी लागतंच. भिकू गेल्यावर सत्याला संपवायचं फर्मान येतं तेव्हा मामा कुणाची बाजू धरतो तो सीन परत बघा आणि मग नंबर लिहा.