घरी केलेली सीरियल केबल चालत नसेल तर

यूएसबी-टीटीएल मॉड्यूलला (कॉम्प्युटरच्या यूएसबीतून सर्किट बोर्डाशी सीरियल संवाद साधणारा छोटा भाग) वायरी डाखून केबल बनवली, पण बोर्डाकडून काहीच उत्तर येत नाही? लगेच सगळे जोड उकलू नका. केबल कॉम्प्युटर आणि बोर्ड अशी दोन्हीकडून सोडवा, मल्टिमीटर बीपवर (जोड सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि प्रत्येक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. बीप चालू असतानाच वायर जोडाजवळ हलकेच वाकवा. आवाज तुटला तर दोष तिथेच आहे. कच्चा जोड बहुधा मळकट, खडबडीत दिसतो. थोडा फ्लक्स (डाख नीट धरायला मदत करणारा पदार्थ) लावून पुन्हा तापवला की बसतो. शेजारच्या वायरीही एकमेकींशी तपासा, ही पायरी नवशिके हमखास गाळतात. तिथे बीप आला तर शॉर्ट आहे, ती केबल कॉम्प्युटरला मुळीच लावू नका.

वायरी ठीक निघाल्या, तर मॉड्यूल कॉम्प्युटरला लावा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला टीएक्स (पाठवणारी वायर) व आरएक्स (घेणारी वायर) एकत्र जोडा. सीरियल मॉनिटरवर (सीरियल मजकूर पाठवण्या-वाचण्याचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम) टाइप केलेली अक्षरं परत आली, तर मॉड्यूल, ड्रायव्हर आणि त्या दोन वायरी शाबूत आहेत.

मग राहतो जोडणीचा घोळ. एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला हवा आणि ग्राउंड दोन्हीकडे जोडलेलाच हवा. अक्षरं गिचमिड येत असतील तर बॉड रेट, म्हणजे मजकूर पाठवण्याचा वेग, दोन्हीकडे जुळवा. ईएसपी८२६६ ही वायफाय चिप सुरू होतानाचा मजकूर बहुतेक बोर्डांवर ७४८८० ला वाचता येतो. या चिपला ३.३ व्होल्टच द्या, ५ व्होल्टने ती जळू शकते.