व्हीलचेअर घेताना या चुका टाळा, मी सगळ्या केल्यात

बहुतेक घरात पहिली व्हीलचेअर येते ती सर्जिकलच्या दुकानातून, क्रोमची, फोल्डिंग, काळं रेक्झिन, 18 इंची सीट. माझीपण तीच. ती मुळात पेशंटला वॉर्डातून एक्सरेला न्यायला केलेली, म्हणजे मागे ढकलणारा माणूस गृहीतच धरलेला. रोज तीच वापरली की दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, मग हळूहळू आपणच म्हणायला लागतो, राहू दे, नाही जायचं. माझा कट्टा असा दोन वर्षं सुटला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माप न घेणं. बसल्यावर कमरेची जी रुंदी भरते त्यात फार तर 1 इंच वाढवा, बस. मला 16 ची लागत होती, 18 ची घेतली, त्यामुळे रिम (हाताने चाक फिरवायची बाहेरची कडी) पकडायला कोपरं बाहेर काढावी लागायची आणि महिन्याभरात खांदे गेले, वर ती बाहेरून 25-26 इंच भरते आणि आमच्या बाथरूमचा दरवाजा 24 चा! एडिप योजनेच्या (केंद्र सरकारची दिव्यांगांना साधनं देणारी योजना) शिबिरातून घेणार असाल तर तपासणीच्या दिवशी नुसते कागद पाठवू नका, जो बसणार त्याला घेऊन जा.

हात फिक्स असलेली खुर्ची नकोच. हात निघत नसेल तर रिक्षात सरकून बसता येत नाही, उचलूनच ठेवावं लागतं, आणि लग्नात टेबलाला हात अडतो म्हणून ताट मांडीवर घेऊन जेवायचं (मठ्ठा पँटवर सांडलाय, विचारू नका).

बॅटरीवाली घेतली की सुटलो असं वाटतं, पण 50 किलोच्या पुढची खुर्ची जिन्याच्या 3 पायऱ्या कोण चढवणार? हातात जोर नसेल तर मात्र तीच घ्या, "हात चालव, सवय होईल" म्हणणाऱ्या काकांकडे लक्ष देऊ नका.

उशी सोफ्याचा स्पंज कापून करू नका, मधे भोक असलेली गोल तर नाहीच, जखमा होतात.

मंडळाचा रॅम्पपण बघून घ्या. 6 इंचाच्या पायरीला 6 फूट लांब फळी लागते, हे टाकतात 2 फुटाची, त्यावरून मागे उलटायची वेळ येते. पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढची छोटी चाकं अडकली तर जोर लावू नका, तोंडावर पडाल, खुर्ची फिरवून उलटी काढा.

ब्रेक लागत नाही म्हणून मेकॅनिक शोधण्याआधी टायरची हवा बघा, ब्रेक टायरलाच दाबतो, हवा कमी झाली की पकड जाते. खुर्ची एका बाजूला ओढत असेल तर दोन्हीकडची हवा सारखी आहे का बघा, असेल तर पुढच्या चाकाच्या एक्सलमधे बघा, केस आणि दोरे गुंडाळलेले असणार. माझ्या चाकातून परवा बायकोचे केस आणि अख्खा पतंगाचा मांजा निघाला.